कालची बातमी, आजचा शब्द

आधीच सांगतो, माझं शिक्षण आठवीपर्यंत झालं आहे. माझं ऱ्हस्व-दीर्घ चुकतं आणि मोठे शब्द मला येत नाहीत. थोडे इंग्रजी शब्द येतात, ते पुढे येतीलच. त्यांची मला लाज वाटत नाही, कारण त्यातला एकेक शब्द मी स्वतः वापरून बघितला आहे. लिहिण्यात चुकलं असेल तिथं वाचणाऱ्यांनी मनातल्या मनात दुरुस्त करून घ्यावं. माफी असावी.

एका गावात एक भोळा मुलगा होता, अशी गोष्ट आमच्याकडे लोक सांगतात आणि सांगताना हसतात. गाव म्हणजे आमची खडकेवाडी आणि मुलगा म्हणजे मी, सुबराव. मला ती गोष्ट पटत नाही, कारण मी जे केलं ते सगळं सांगितलं होतं तसंच केलं. म्हणून काय घडलं ते मीच लिहून ठेवतो.

आमच्या एसटी थांब्याजवळ सार्वजनिक वाचनालय आहे. त्याच्या भिंतीवर वार्ताफलक आहे, म्हणजे मोठा काळा फळा. त्यावर रोज सकाळी खडूनं बातमी लिहायची असते. माझं अक्षर चांगलं आहे, म्हणून वाचनालयाचे अध्यक्ष यशवंततात्या चौगले यांनी ते काम मला दिलं. झाडू मारायचं कामही दिलं. तात्या म्हणाले, 'अजून तू कायम नाहीस. मला एकदा झेडपीचं तिकीट मिळू दे, दुसऱ्या दिवशी तुला शिपाई म्हणून कायम करतो.'

मला ती नोकरी फार हवी होती. एकतर मला लोकांशी बोलायची भीती वाटते, आणि वाचनालयात कुणी येत नाही. दुसरं म्हणजे ती मिळाली नाही तर मामाच्या गुऱ्हाळावर जाळ घालायला जायचं होतं. आई रोज म्हणायची, 'तात्यांचं ऐक बाबा. ते सांगतील तेवढंच कर. तुझं डोकं चालवू नको.' मी चालवलं नाही.

फलकाचे नियम तात्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. फलकावर कालची बातमी लिहायची, आजची नाही. मागे एकदा कुणीतरी घाईनं पाटलांच्या म्हाताऱ्याचं निधन लिहिलं होतं आणि म्हातारा स्वतः चष्मा लावून ते वाचायला आला होता. तेव्हापासून बातमी एक रात्र मुरू द्यायची, लोणच्यासारखी. बातमीखाली आपलं मत लिहायचं, कारण बातमी वाचून गप्प बसणारा माणूस मागासलेला असतो. मताखाली एक इंग्रजी शब्द लिहायचा. 'आणि शब्द शिकलास की लगेच वापरायचा,' तात्या म्हणाले. 'नुसता लिहून ठेवला तर तो नासतो.' सगळ्यात खाली काही लिहावं लागत नाही. तिथं पांढऱ्या ऑइलपेंटनं कायमचं रंगवलेलं आहे : शुभेच्छुक, यशवंततात्या चौगले, अध्यक्ष. निधनाची बातमी असली तरी शुभेच्छुक तेच असतात.

पहिली बातमी पुलाची होती. कुठंतरी नवा पूल उद्घाटनाआधीच पडला होता. मी मत लिहिलं, 'पूल पडायला नको होता.' तात्या खूश झाले. म्हणाले, 'कुणाला लागत नाही असं मत आहे. छान.' शब्द होता इन्क्वायरी.

'इन्क्वायरी म्हणजे चौकशी,' तात्या म्हणाले. 'काहीही पडलं, मोडलं, की आधी इन्क्वायरी. ती संपेपर्यंत कशाला हात लावायचा नाही. सगळं आहे तसं ठेवायचं.'

मी घरी निघालो तर गल्लीत अंजनाआजी पाय घसरून पडली होती. गटारीच्या कडेला, कळशीसकट.

'सुबा, हात दे रे बाळा,' आजी म्हणाली.

'आजी, हलू नका. कळशीपण तशीच राहू दे. पडलात त्या वेळी कोण कोण हजर होतं?'

'कोण असणार? मी आणि माझं मरण. हात दे.'

'गटार कुणी बांधलं?'

'आता उठून सांगू का?'

'उठू नका. इन्क्वायरी चालली आहे.'

मी शेजारी जाऊन तीन घरांत विचारलं. गटार कुणी बांधलं ते कुणालाच माहीत नव्हतं. परत आलो तर आजीला तिच्या सुनेनं उचलून नेलं होतं, त्यामुळे इन्क्वायरी अर्धी राहिली.

संध्याकाळी तात्यांनी मला बोलावलं. 'येड्या, माणूस पडल्यावर चौकशी करतात का? धावत जायचं, ओढून बाहेर काढायचं, पाणी पाजायचं, दवाखान्याकडं पळायचं. पेपरात पुराची बातमी वाचतोस ना? त्याला रेस्क्यू म्हणतात.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो शब्द फलकावर लिहिला. रेस्क्यू म्हणजे सुटका. मत लिहिलं, 'माणूस पडल्यास आधी काढावा.'

त्याच दिवशी आमच्या देवीची यात्रा होती आणि दुपारी कुस्त्यांचं मैदान होतं. शेवटची कुस्ती आमच्या गावचा शहाजी पैलवान आणि नदीपलीकडच्या गावचा एक पैलवान यांची. ते गाव आमच्याकडं पोरगीसुद्धा देत नाही, इतकी खुन्नस आहे. मी एका बाजूला उभा होतो. शहाजीनं त्याला खाली घेतला. त्याचा एक खांदा मातीला टेकला होता, दुसरा टेकायचा होता. सगळं गाव ओरडत होतं. खालच्या माणसाचा चेहरा लाल झाला होता आणि त्याला कुणीच काढत नव्हतं.

मी धावत गेलो. त्याचे पाय धरले आणि ओढला. त्याला म्हटलं, 'घाबरू नका, रेस्क्यू आलाय.' जड होता. शहाजीला काय चाललंय तेच कळलं नाही, तो बाजूला झाला. मी त्या पैलवानाला पाणी पाजलं आणि दवाखान्याकडं न्यायला लागलो, तेव्हा पंचांनी मला धरलं. कुस्ती बरोबरीत सोडवली. पलीकडच्या गावच्या लोकांनी मला खांद्यावर घेतलं आणि फेटा बांधला. माझ्या आयुष्यात मला फेटा बांधलेला तेवढाच.

तो फेटा घालूनच मी तात्यांपुढं उभा राहिलो.

'लेका, कुस्ती चालली होती,' तात्या म्हणाले.

'पण तात्या, माणूस पडला होता.'

'पाडलाच होता त्याला.'

'म्हणून तर.'

तात्यांनी कपाळाला हात लावला. मग मला शांतपणे समजावलं. त्या दिवशी पेपरात कुठल्यातरी दोन देशांची लढाई जुंपल्याची बातमी होती. 'हे बघ. दोन जण भिडलेत असं दिसलं, की मध्ये पडायचं नाही. लांब उभं राहायचं. मोठे देशसुद्धा तेच करतात. म्हणायचं, आमचं लक्ष आहे, आमचे दोघांशीही चांगले संबंध आहेत, प्रश्न चर्चेनं सुटावा. याला न्यूट्रल म्हणतात.'

मला हा शब्द आवडला. लाजऱ्या माणसाला तो बरा पडतो.

सकाळी तो फलकावर लिहिला आणि तात्यांच्या घरी वाचनालयाची चावी आणायला गेलो, तर वर स्लॅबवर गडबड चालली होती. काकींनी, म्हणजे तात्यांच्या मंडळींनी, जुन्या धोतरावर कुरडया वाळत घातल्या होत्या. वर्षभराच्या कुरडया. तिथं एक मोठं वानर उतरलं होतं. काकींच्या हातात फडकं होतं आणि वानराच्या हातात कुरडया. दोघं भिडली होती हे स्पष्ट दिसत होतं. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहिलो आणि हाताची घडी घातली.

'सुबराव, ती काठी घे आणि हाण त्याला,' काकी म्हणाल्या.

'काकी, मी न्यूट्रल आहे.'

'काय आहेस?'

'माझे दोघांशीही चांगले संबंध आहेत.'

'त्या वानराशी तुझे संबंध?'

'बिघडलेले नाहीत. प्रश्न चर्चेनं सुटावा असं माझं मत आहे.'

वानर थांबून माझं ऐकत होतं. काकी नव्हत्या ऐकत. वानर गेलं तेव्हा खालचं धोतर तेवढं शिल्लक होतं. काकींनी ती काठी मग माझ्यासाठी घेतली, पण मी तोपर्यंत लांब गेलो होतो आणि माझं लक्ष होतं.

तात्या आले ते कुरडयांचं ऐकूनच आले. 'तुला काठी उचलता येत नव्हती तर निदान निषेध तरी करायचास.'

'निषेध केल्यावर वानर पळालं असतं का?'

'नसतं पळालं. पण आपण काहीतरी केलं असं झालं असतं.'

मग त्यांनी मला कंडेम हा शब्द दिला. कंडेम म्हणजे निषेध. 'डोळ्यांसमोर अन्याय दिसला की कंडेम करायचं. नाव घालून, फलकावर, मोठ्या अक्षरात. कुणाची भीड ठेवायची नाही. फलक कशासाठी असतो?'

मी अन्याय शोधायला बाहेर पडलो. फार लांब जावं लागलं नाही. खालच्या आळीत नळावर बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या, त्यात माझी आईपण होती. पाणी करंगळीएवढं येत होतं. मी नळाच्या पाइपाबरोबर वर चालत गेलो. पाइप तात्यांच्या परसात गेला. तिथं त्याला मोटार लावली होती आणि ती तात्यांच्या उसाच्या रोपांना पाणी पाजत होती.

सकाळी फलकावर लिहिलं : 'यशवंततात्या चौगले यांच्या परसातील मोटारीचा तीव्र शब्दांत निषेध. तिच्यामुळे खालच्या आळीला पाणी येत नाही. आमचे मत : मोटार चांगल्या कंपनीची आहे. आजचा शब्द : कंडेम.' खाली रंगवलेलं होतंच : शुभेच्छुक, यशवंततात्या चौगले, अध्यक्ष.

त्या दिवशी वाचनालयापुढं जेवढी गर्दी झाली तेवढी वाचनालय काढलं तेव्हासुद्धा झाली नव्हती. लोक म्हणत होते, 'तात्यांसारखा माणूस होणे नाही. स्वतःचाच निषेध केला.' एकानं तर तात्यांना हार घातला. तात्या हसत होते, पण त्यांचा एक डोळा हसत नव्हता.

लोक गेल्यावर त्यांनी फडकं घेतलं आणि फळा स्वतः पुसला. 'आठ दिवसांवर वाचनालयाचा वर्धापनदिन आलाय,' ते म्हणाले. 'जिल्ह्याचे भाऊसाहेब येणार आहेत. तिकीट त्यांच्या हातात आहे. ही मोटार त्यांच्या कानावर गेली तर माझं तिकीट गेलं आणि तुझी नोकरी गेली. समजलं?'

'समजलं. मग आता काय करू?'

'इन्कार करायचा. डिनाय. पुढारी रोज करतात, पेपरात बघ. माझं नाव घेऊन कुणी काहीही बोललं, की तिथंच ठणकावून सांगायचं, यात तथ्य नाही.'

'मला मोठ्यानं बोलायला येत नाही, तात्या.'

'शिकायचं. माईक असला तर माईकवर सांगायचं.'

मी परड्यात म्हशीपुढं सराव केला. मला खरंच भीती वाटत होती. पण नोकरीचा प्रश्न होता.

वर्धापनदिनाला मांडव घातला होता. सगळं गाव आलं होतं, कारण जेवण होतं. नदीपलीकडचे काही लोकपण माझ्यासाठी आले होते. भाऊसाहेब उंच होते आणि माईकचा दांडा गंजून खाली अडकला होता. म्हणून माईक हातात धरून त्यांच्या शेजारी उभं राहायचं काम माझ्याकडं आलं.

भाऊसाहेब म्हणाले, 'आपल्या यशवंततात्यांनी हे वाचनालय स्वतःच्या खिशाला खार लावून उभं केलं.'

मी माईक माझ्याकडं घेतला आणि म्हणालो, 'यात तथ्य नाही.' परत त्यांच्याकडं धरला.

भाऊसाहेबांना वाटलं माईक खरखरला. ते पुढं म्हणाले, 'तात्यांनी घरोघर पाणी नेलं.'

'यात तथ्य नाही.'

खालच्या आळीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. तात्या खुर्चीतून मला हातानं खूण करत होते. मला वाटलं, आणखी मोठ्यानं म्हणताहेत.

'तात्या हे पक्षाचे जुने, निष्ठावंत कार्यकर्ते आहेत,' भाऊसाहेब माझ्याकडं बघत जरा हळू म्हणाले.

'या बातमीचा आम्ही ठामपणे इन्कार करतो,' मी म्हणालो. त्या वेळी माझा आवाज अजिबात कापला नाही.

लोक हसून हसून एकमेकांवर पडले. कुणी जागचं उठलं नाही. भाऊसाहेब पाणी प्याले, त्यांनी नारळ घेतला आणि ते न जेवता गाडीत बसले. धूळ खाली बसेपर्यंत तात्या रस्त्यात उभे होते.

मग ते वाचनालयात आले. ओरडले नाहीत, तेच जास्त वाईट वाटलं. त्यांनी खिशातून मोबाईल काढून माझ्या हातात दिला.

'उद्या दिवसभर लोक फोन करतील. हसायला करतील, विचारायला करतील. मला कुणाचं ऐकायचं नाही. हा तू ठेव. कोणीही, काहीही विचारलं तरी एकच उत्तर. नो कॉमेंट.'

'नो कॉमेंट म्हणजे?'

'म्हणजे तोंड मिटून बसणे. तेवढं तरी जमेल ना तुला? आणि कोण काय म्हणालं ते मला सांगायला येऊ नको. मी विचारलं तरी सांगू नको. मला कळूच नये.'

ते घरी जाऊन डोक्याला फडकं बांधून झोपले.

दुसऱ्या दिवशी मी मोबाईल टेबलावर ठेवून त्याच्यापुढं बसलो. बरेच फोन आले. सगळ्यांना एकच उत्तर दिलं. शहाजी पैलवानाचा आला, त्यालाही दिलं. मग साडेअकराच्या सुमारास एक भारदस्त आवाज आला.

'तात्या आहेत का?'

'नो कॉमेंट.'

'अरे, मी भाऊसाहेब बोलतोय. तू कालचा माईकवाला पोरगा ना?'

'नो कॉमेंट.'

ते हसले. खूप वेळ हसले. म्हणाले, 'काल गाडीत मला आधी राग आला. मग विचार केला, माझ्या भाषणाला लोक शेवटपर्यंत बसलेले मी आयुष्यात पहिल्यांदा बघितले. आणि भर सभेत सगळं नाकारलं गेलं तरी तात्या खुर्चीवरून उठला नाही. एवढ्या टणक कातडीचा माणूस पक्षाला हवाच आहे. तिकीट तात्यांना. आज शेवटचा दिवस आहे. तीनच्या आत अर्ज भरायला तहसील कचेरीत या म्हणावं. माझा माणूस पक्षाचं पत्र घेऊन दारात उभा आहे. नीट सांगशील?'

'नो कॉमेंट.'

'शाब्बास. गुप्तता ठेवणारा आहेस,' असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मला आनंद झाला. तात्यांना तिकीट म्हणजे मला नोकरी. पण मी डोकं चालवलं नाही. दुपारी काकी माझ्यासाठी भाकरी घेऊन आल्या. कुरडयांचा राग त्यांच्या मनात राहिला नव्हता.

'ते नुसते भिंतीकडं तोंड करून पडलेत रे,' त्या म्हणाल्या. 'जेवतसुद्धा नाहीत. भाऊसाहेबांकडून काही निरोप आला का?'

'नो कॉमेंट.'

'अरे, हो किंवा नाही तरी सांग.'

मी भाकरी तोंडात घातली, म्हणजे तोंड मिटूनच राहील. काकी डोळ्याला पदर लावून गेल्या. मला फार वाईट वाटलं. पण हे असंच अवघड असणार, नाहीतर मोठे लोक त्याचा शब्द कशाला करतील?

मग तोच भारदस्त आवाज पुन्हा आला, या वेळी हसत नव्हता. 'तात्या निघाले का? अर्धा तास राहिलाय.' मी उत्तर दिलं. त्यानंतर फोन आला नाही.

संध्याकाळी तात्या स्वतः आले. एका दिवसात खंगल्यासारखे दिसत होते. दारातच उभे राहिले.

'काही फोन?'

'नो कॉमेंट.'

'भाऊसाहेबांचा?'

'नो कॉमेंट.'

'आयुष्यभर वाट बघितली रे मी या तिकिटाची,' ते म्हणाले. 'एकदा तरी त्यांनी विचारायला हवं होतं. मला सांग, खरंच कुणी काही म्हणालं नाही?'

माझ्या ओठावर आलं होतं. मी दात घट्ट आवळले. 'नो कॉमेंट.'

 तात्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. 'एवढ्या दिवसांत आज पहिल्यांदा तू सांगितलेलं नीट केलंस,' ते म्हणाले. 'तिकीट गेलं ते गेलं. पण तुझ्या कायमचं मी बघतो. उद्या सकाळी आठवण कर.'

रात्री आईनं शिरा केला.

सकाळी लवकर उठलो. फळा ओल्या फडक्यानं दोनदा पुसला, खडूला टोक काढलं. बातमी आता एक रात्र मुरली होती, म्हणजे कालची झाली होती, आणि कालची बातमी फलकावर लिहायचीच असते. मी आजवरच्या सगळ्यात सुंदर अक्षरात लिहिलं :

'पक्षाचे तिकीट आपल्या यशवंततात्या चौगले यांना मिळाले. अर्ज भरण्याची मुदत काल दुपारी तीनला संपली. भाऊसाहेबांचा माणूस पत्र घेऊन दारात उभा होता. आमचे मत : वेळेचे महत्त्व ओळखावे. आजचा शब्द : डेडलाइन.'

खाली शुभेच्छुक रंगवलेले होतेच.

लोक जमायला लागले. आज कुणी हसत नव्हतं, सगळे वाचून मागं सरकत होते. तेवढ्यात वरच्या रस्त्यानं तात्या येताना दिसले. मी खडूचे हात पायजम्याला पुसले, केस नीट केले, आणि कायमच्या नोकरीची आठवण करायला त्यांच्यापुढं गेलो.